बसल्या जागी खांदे मोकळे करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग-मुरुडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांकडून आखडलेल्या खांद्यांबद्दल आणि ते मोकळे करायच्या ताणांबद्दल (स्ट्रेचिंगबद्दल) जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, आजार-दुखापतींचे नंतर. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. मात्र नुकतंच पडून खांदा दुखावला असेल, खांद्यावर शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हातात बधिरपणा असेल, तर आधी प्रश्न १८ आणि १९ वाचा.

१. हे ताण बसून केले तर खरंच उपयोग होतो का? उभं राहूनच करायला हवेत असं ऐकलंय.

होतो, आणि काही बाबतींत बसून केलेलं जास्त बरं. उभ्याने हात वर नेताना माणूस नकळत कंबर मागे वाकवतो आणि खांदा सुटल्याचा भास होतो. पाय जमिनीवर टेकवून नीट बसलं की कंबरेला अशी पळवाट फारशी उरत नाही. जी हालचाल होते ती खांद्याची आणि पाठीच्या वरच्या भागाची असते. तोल जायची भीती नसल्याने गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनाही करता येतं.

२. खांदा आखडतो म्हणजे नेमकं काय आखडतं?

दंडाच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत बसतो ती फार उथळ असते. म्हणूनच खांदा शरीरातला सर्वांत जास्त फिरणारा सांधा आहे, आणि निखळायलाही तोच सोपा. त्याला जागेवर धरतात ते सांध्याभोवतीचं आवरण आणि चार छोटे स्नायू. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. आवरण आक्रसलं, छातीचे स्नायू आखूड झाले किंवा हे चार स्नायू दुखावले की हात अडतो.

पण खांदा एकटा काम करत नाही. हात कानापर्यंत पूर्ण वर नेला तर सुमारे १८० अंशांची हालचाल होते. त्यातले साधारण १२० अंश सांध्यात घडतात आणि ६० अंश पाठीवरचं पातं, म्हणजे आपला खवाटा, बरगड्यांवरून फिरल्यामुळे मिळतात. पोक काढून बसलं की पातं पुढे कलतं आणि त्याला फिरायला जागा राहत नाही. आत्ताच करून बघा. आधी पाठ गोल करून हात वर न्या, मग पाठ सरळ करून न्या. दुसऱ्या वेळी हात जास्त वर जाईल, आणि तेही एकही ताण न करता. म्हणून खांद्याआधी पाठ आणि बैठक सुधारायची. ज्यांना ताण करूनही गुण येत नाही, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडलेलं असतं.

३. कशावर बसू? ओटीवरचा झोपाळा, पाट, प्लास्टिकची खुर्ची यातलं काय चालेल?

सर्वांत उत्तम म्हणजे सपाट, टणक बैठकीची, हात नसलेली लाकडी खुर्ची किंवा बाकडं. उंची १७-१८ इंच असावी. बुटक्या माणसाने पायाखाली पाट घ्यावा. पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि कंबर गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर हवी.

प्लास्टिकच्या खुर्चीत दोन अडचणी आहेत. बैठक मागे उतरती असते, त्यामुळे बूड आत रुतून पाठ गोल होते. आणि हातांमुळे कोपर अडतं. दुसरी खुर्ची नसेल तर चादरीची घडी बैठकीच्या मागच्या अर्ध्या भागावर ठेवून खोलगटपणा भरून काढा. पावसाळ्यात ओलसर लादीवर या खुर्चीचे पाय फाकतात, म्हणून ती भिंतीला टेकवूनच वापरा.

झोपाळा नको. बूड हलत राहिलं की शरीर तोल सांभाळण्यात गुंततं आणि खांद्याचे स्नायू सैल पडत नाहीत. पाटही नको, कारण त्यावर गुडघे कंबरेच्या वर जातात आणि पाठ वाकतेच. खालीच बसायचं असेल तर गोधडीची चार-सहा इंच उंच घडी बुडाखाली घ्या, मांडी घाला आणि पाठ भिंतीला लावा.

४. "ताठ बसा" सगळेच सांगतात. नेमकं कसं?

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं कंबरेइतकी रुंद ठेवा. दोन्ही तळहात बुडाखाली घालून पुढे-मागे डुला. हाताला दोन टोकदार हाडं लागतील. त्या हाडांच्या बरोबर टोकावर वजन आलं की थांबा आणि हात काढून घ्या. आता डोकं वरच्या दिशेने उंच होऊ द्या, हनुवटी किंचित आत, खांदे सैल. छाती पुढे काढायची नाही. तसं केलं तर खालच्या बरगड्या पुढे येतात आणि कंबर ताणली जाते. दोन-तीन श्वास इथेच घ्या. श्वास पोटापर्यंत सहज जात असेल तर बैठक बरोबर आहे.

५. अगदी सुरुवातीला कोणते ताण करू?

चार पुरेत, याच क्रमाने. आधी दोन मिनिटं अंग गरम करा. खांदे वर, मागे, खाली असे गोल दहा वेळा फिरवा, मग दोन्ही हात कोपरात वाकवून चालताना हलवतो तसे हलवा.

पहिला, पाती जवळ आणणं. हात मांडीवर, तळवे वर. दोन्ही पाती एकमेकांकडे आणि थोडी खाली, मागच्या खिशांच्या दिशेने सरकवा. ५ सेकंद धरा, सोडा, १० वेळा. जोर निम्माच लावा. पूर्ण जोर लावला की मान आवळली जाते.

दुसरा, पाठ मागे उघडणं. यासाठी मात्र मागे सरकून पाठ खुर्चीच्या पाठीला लावा. खुर्चीच्या पाठीची वरची कड पात्यांच्या खालच्या टोकाशी यायला हवी, आणि टोचत असेल तर तिथे टॉवेलची गुंडाळी ठेवा. दोन्ही हात डोक्यामागे घेऊन मानेला आधार द्या. श्वास सोडत त्या कडेवरून वरची पाठ हळूच मागे न्या, नजर भिंत आणि छत मिळतात तिथे. एक श्वास थांबा, परत या. असं ६ ते ८ वेळा. वाकायचं ते पात्यांपाशी, कंबरेत नाही. खुर्ची मागे कलू नये म्हणून ती भिंतीला टेकवलेली असावी. ज्यांचे हात डोक्यामागे जात नाहीत त्यांनी ते छातीवर घडी करून ठेवावेत.

तिसरा, टेबलावरून पुढे सरकणं. समोर टेबल, त्यावर घडी केलेला पंचा, पंचावर दोन्ही तळहात. श्वास सोडत पंचा पुढे ढकला आणि धड कंबरेतून पुढे येऊ द्या, डोकं दोन्ही दंडांच्या मधे. ५ ते १० सेकंद थांबून परत या. असं १० वेळा. हाताचा सगळा भार टेबल उचलतं, त्यामुळे दुखऱ्या खांद्यालाही हा सहसा मानवतो. चारांतला एकच करायला वेळ असेल तर हाच करा.

चौथा, छातीसमोरून आडवा हात. उजवा हात छातीसमोर आडवा आणा, डाव्या हाताने तो कोपराच्या जरा वर, दंडाशी धरा आणि छातीकडे घ्या. ताण खांद्याच्या मागच्या बाजूला जाणवला पाहिजे. ३० सेकंद, दोन्ही बाजूंना दोनदा. कोपरावरच धरून ओढलं तर ताण कोपरात जातो. समोरच्या बाजूला चिमटल्यासारखं झालं तर हात चार बोटं खाली आणा. तरीही चिमटत असेल तर हा ताण सध्या सोडून द्या.

६. किती सेकंद, किती वेळा, आणि दिवसातून कधी?

धरून ठेवायच्या ताणाला ३० सेकंद, दोन ते चार वेळा. साठीपुढच्यांनी ३० ते ६० सेकंद धरावा, कारण वयानुसार स्नायू सैल पडायला वेळ घेतात. घड्याळ नसेल तर सावकाश सहा-सात श्वास मोजा. आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस, पण रोज केलं तर फरक लवकर दिसतो. रविवारी अर्धा तास करण्यापेक्षा रोज सहा मिनिटं बरी.

उठल्या उठल्या जोराचा ताण नको. अंघोळीनंतर, गरम पाण्याने अंग सैल असताना, ही उत्तम वेळ. झटके देऊ नका. झटका बसला की स्नायू स्वतःला वाचवण्यासाठी उलट आवळतो.

७. ताण बसतोय की इजा होतेय हे कसं ओळखायचं?

ताण बोथट, पसरट आणि स्नायूच्या मधोमध जाणवतो, आणि सोडल्यावर काही सेकंदांत जातो. इजा टोकदार असते. ती सांध्याच्या आत किंवा खांद्याच्या वरच्या टोकाला एका बिंदूवर दुखते, कधी हातातून खाली चमक मारते. दहापैकी तीन-चार इतकी ओढ ठीक आहे. त्यापुढे चेहरा आक्रसतो आणि श्वास अडकतो, तिथे थोडं मागे या.

आणखी एक कसोटी दुसऱ्या दिवसाची. सकाळी खांदा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल आणि ते दुखणं दिवसभर टिकलं, तर प्रमाण जास्त झालं. निम्म्यावर आणा, बंद करू नका.

८. हात वर नेताना माझा खांदा कानाकडे चढतो. काय चुकतंय?

खांद्यावरून मानेकडे जाणारा स्नायू पात्याचं काम स्वतःवर ओढून घेतोय. पिशव्या आणि हंडे-कळश्या वर्षानुवर्षं वाहणाऱ्यांत हे फार दिसतं. हात वर नेण्याआधी श्वास सोडा, पातं खाली सरकवा, अंगठा छताकडे ठेवा आणि हात सरळ बाजूने न नेता थोडा तिरपा पुढून न्या. पातं नैसर्गिकपणे त्याच तिरप्या दिशेत असतं. खांदा चढायला लागला की तिथेच थांबायचं. तुमची आजची खरी मर्यादा तीच, त्यावरची उंची मान उसनी देत असते.

मानेसाठी वेगळा ताणही करा. उजव्या हाताने बैठकीची कड धरा आणि डावा कान डाव्या खांद्याकडे नेऊन ३० सेकंद थांबा. डोकं हाताने ओढायचं नाही, त्याचं स्वतःचं वजन पुरतं. हाताला मुंग्या येत असतील तर हा ताण वगळा (प्रश्न १८).

९. पाठीमागे हात जात नाही. ब्लाउजचा हूक, अंघोळीला पाठ चोळणं, सगळंच अडलंय.

इथे खांदा आतल्या बाजूला वळावा लागतो, आणि आवरण मागून आखडलं की ही हालचाल अडते. आधी चार-पाच दिवस प्रश्न ५ मधला चौथा ताण करा, मग पंचाचा ताण सुरू करा.

बाकड्यावर किंवा खुर्चीवर आडवं बसा, म्हणजे पाठीमागे आड काही येणार नाही. उजवा खांदा आखडलेला आहे असं धरू. पंचा डाव्या खांद्यावरून पाठीवर सोडा, वरचं टोक डाव्या हातात. उजवा हात कंबरेमागून नेऊन खालचं टोक पकडा. श्वास सोडत डाव्या हाताने पंचा वर ओढा, उजवा हात पाठीवरून आपोआप वर सरकेल. १५-२० सेकंद, तीन वेळा. ओढताना उजवा खांदा पुढे गोल होऊ द्यायचा नाही, आणि लोकांचं इथेच बिघडतं. खांद्याच्या समोर टोकदार दुखलं तर लगेच ढील द्या. खांदा रात्रंदिवस ठणकत असेल तर हा ताण अजिबात नको (प्रश्न १७).

नेहमीच्या कामाचा हात पाठीवर दुसऱ्यापेक्षा थोडा कमी वर जातो. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांत हे आढळतं. तेवढ्या फरकाची चिंता नको.

१०. दिवसभर काम बसूनच असतं, काजू सोलणं, कोळंबी सोलणं, जाळी दुरुस्त करणं. मधे काय करावं?

ही कामं जड नसतात, तरी खांदे धरतात. मान खाली, हात पुढे, पाठ गोल, आणि तेही तासन् तास. यात छातीचे स्नायू आखूड राहायला शिकतात आणि पाती बाजूला पसरून दमतात. दर अर्ध्या-पाऊण तासाने एक मिनिट थांबलात तर संध्याकाळचं दुखणं बरंच कमी होतं. काम न सोडता बसल्या जागी पाती जवळ आणा, १० वेळा. मग हात मांडीवर ठेवूनच वरची पाठ मागे उघडा, ५ श्वास.

मासळीचे ओले हात असले तरी अडत नाही, कारण यात काही धरायचं नसतं. काजू कारखान्यात मात्र लक्ष ठेवा. टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून हात स्वच्छ धुतल्याशिवाय ते मानेला किंवा डोक्यामागे लावू नका.

बैठकही बदलून बघा. कोळंबीचं टोपलं जमिनीवरून उचलून उलट्या घमेल्यावर ठेवलं तरी पाठ चार बोटं सरळ होते. विळीवर नारळ खोवताना एकच खांदा राबतो. शक्य असेल तर दोन-तीन वाट्या झाल्या की थांबून प्रश्न ५ मधला चौथा ताण त्या बाजूला करा.

आंब्याच्या दिवसांत झेला (आंबे उतरवायची लांब काठी) धरून काम करणाऱ्यांची अडचण उलटी असते. हात दिवसभर डोक्यावर असतात, तेव्हा संध्याकाळी हात पुन्हा वर नेणारे ताण नकोत. हात खाली ठेवून खांदे फिरवा, आडवा हात करा, आणि मानेचा ताण (प्रश्न ८) दोन्ही बाजूंना द्या.

११. मुंबईहून गावी येताना एसटीत रात्रभर बसून खांदे लाकूड होतात. सीटवर काय करता येईल?

दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मारा, बोटं पलीकडच्या पात्यावर, आणि पाठ फुगेल असा श्वास घ्या. ५ श्वास, मग वरचा हात खाली घेऊन पुन्हा. पाती सीटच्या पाठीवर दाबून ५ सेकंद धरणंही सोयीचं. मानेचे ताण आणि अंगाला पीळ देणं गाडी थांब्यावर उभी असतानाच. घाटातल्या वळणावर अचानक ब्रेक लागला तर ताणलेली मान लचकते. स्वतः गाडी चालवणाऱ्यांनी यातलं काहीही गाडी बाजूला लावल्यावरच करावं.

१२. खांदा फिरवताना कटकट वाजतो. सांधा झिजलाय का?

दुखत नसेल आणि हालचाल पूर्ण होत असेल, तर नुसत्या आवाजाला अर्थ नाही. आवाजाबरोबर दुखत असेल, हात मधेच अडकत असेल किंवा सांधा सरकल्यासारखं वाटत असेल, तर तपासून घ्या.

१३. पावसाळ्यात खांदे जास्त का धरतात? शेक द्यावा की तेल लावावं?

गारठ्यात माणूस अंग आक्रसून बसतो आणि हालचालही कमी होते. त्यात लावणीचे दिवस म्हणजे तासन् तास ओणवं. ताणाआधी १० ते १५ मिनिटं शेक घ्या, पिशवीला कपडा गुंडाळून. मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी झाली असेल तर दुसऱ्याने पिशवीचा गरमपणा तपासावा, कारण चटका बसलेला कळत नाही. ताजा मार लागला असेल तर पहिले दोन दिवस शेक नको, कपड्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं लावा. खोबरेल तेल सांध्यापर्यंत उतरत नाही, पण चोळण्याने स्नायू गरम आणि सैल होतात. म्हणून लावायचं तर ताणाआधी लावा. लावणीच्या दिवसांत टेबलावरून पुढे सरकणं कमी करा आणि पाठ मागे उघडणं वाढवा.

१४. फरक किती दिवसांत दिसतो? मोजायचं कसं?

ताण झाल्यावर लगेच हात वर जातो, पण ते काही तासांपुरतं असतं. टिकणारा फरक यायला रोज करून साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

दर रविवारी, त्याच वेळी, तीन गोष्टी बघा. स्टुलावर पाठ भिंतीला लावून बसा आणि अंगठा वर ठेवून हात समोरून वर न्या. कंबर भिंतीपासून सुटण्याआधी हात कुठवर गेला, तिथे घरातल्या कोणाला तरी पेन्सिलने खूण करायला सांगा. मग कोपर कुशीला चिकटवून पुढचा हात बाहेर वळवा आणि दोन्ही बाजूंची तुलना करा. शेवटी पाठीमागे अंगठा कुठे पोचतो ते बघा, बुडावर, कंबरेवर की पात्याच्या टोकाशी. ही नोंद कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत मावते. सहा आठवड्यांत तिन्ही जागच्या जागी असतील तर ताण वाढवत बसू नका, तपासून घ्या.

१५. नुसते ताण पुरेत का?

नाहीत. मोकळी झालेली हालचाल स्नायूंनी वापरली नाही तर ती पुन्हा आखडते. चार आठवड्यांनी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या आणि बसूनच हात तिरपा पुढून खांद्याच्या उंचीपर्यंत उचला, १० वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. खांदा कानाकडे चढायला लागला की फेरी तिथेच संपली.

१६. हात अर्ध्यात आला की दुखतो, पूर्ण वर गेला की थांबतो, उतरताना पुन्हा दुखतो. हे काय?

साधारण ६० ते १२० अंशांच्या मधे दुखणं हे बहुधा रोटेटर कफच्या कंडरेचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचं, दुखणं असतं. हात त्या टप्प्यात आला की कंडरेवर सर्वांत जास्त भार येतो. जोर लावून तो टप्पा पार करत राहिलात तर दुखणं चिघळतं. काही आठवडे खांद्याच्या उंचीखालीच काम करा. पाती जवळ आणणं, पाठ उघडणं आणि टेबलावरून सरकणं चालतं, पंचाचा ताण नको. या दुखण्याला ताणापेक्षा हळूहळू वाढवलेली ताकद जास्त लागू पडते, म्हणून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घ्या. झोपताना दुसऱ्या कुशीवर झोपा आणि दुखरा हात छातीसमोर उशीवर ठेवा.

१७. मला शुगर आहे आणि खांदा पूर्ण धरलाय. फ्रोझन शोल्डर सांगितलंय. ताण करू की नको?

करा, पण टप्पा बघून. हा आजार बहुतेक चाळीस ते साठ वयात होतो, बायकांत जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांत बराच जास्त. त्यात सांध्याचं आवरण सुजतं आणि मग आक्रसतं. ओळख अशी, की हात बाहेर वळवणं सर्वांत आधी जातं, आणि दुसऱ्या कोणी उचलला तरी हात वर जात नाही. एरवी स्नायू दुखावला असेल तर दुसरा माणूस हात बराच वर नेऊ शकतो.

पहिले काही महिने दुखणं जोरात असतं, रात्रीची झोप उडते. या टप्प्यात ओढून ताणणं म्हणजे सुजलेल्या आवरणाला आणखी डिवचणं. दुखणार नाही इतकंच करा. टेबलावरून थोडंसं सरकणं, आणि खुर्चीत बाजूला कलून हात सैल सोडून हलकेच झुलवणं, दिवसातून तीन-चार वेळा, एकेक मिनिट. दुखणं ओसरून नुसता कडकपणा उरला की प्रमाण वाढवा.

तेव्हा छत्रीचा ताण फार उपयोगी. ताठ बसा, दोन्ही कोपरं कुशीला, काखेत नॅपकिनची घडी. मिटलेली छत्री दोन्ही हातांत आडवी धरा, दुखऱ्या हाताचा तळवा वर. चांगल्या हाताने छत्री ढकलून दुखरा हात बाहेर वळवा, १५ ते ३० सेकंद, पाच वेळा. नॅपकिन पडला तर समजा की कोपर अंगापासून सुटलं, वळण खांद्यात झालंच नाही.

पूर्ण सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुरुवातीच्या टप्प्यात उपयोगी पडू शकतं, पण त्यानंतर काही दिवस शुगर वाढते, म्हणून डॉक्टरांना मधुमेहाची कल्पना द्या. कोणाकडून हात जबरदस्तीने ओढून किंवा मोडून घेऊ नका. हाड मोडणं आणि कंडरा फाटणं, दोन्ही होऊ शकतं.

१८. खांदा दुखतो आणि बोटांना मुंग्याही येतात.

उगम बहुधा मानेत आहे. मान वळवल्यावर मुंग्या वाढतात का आणि हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं का, ते बघा. दोन्हींचं उत्तर हो असेल तर मानेतून येणारी नस दबत असण्याची शक्यता मोठी. मानेचा बाजूचा ताण आणि हात लांब ओढणारे ताण बंद करा, कारण नसेला ओढ सोसत नाही. पाती जवळ आणणं चालेल. पकड ढिली होऊन हातातलं भांडं निसटत असेल तर लवकर दाखवा. चालताना पाय अडखळत असतील किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी.

१९. हे ताण कोणी करू नयेत? डॉक्टरकडे कधी जावं?

माडावरून, दुचाकीवरून किंवा शेवाळलेल्या पायऱ्यांवर पडल्यानंतर हात उचलता येत नसेल, तर आधी एक्स-रे. साठीपुढच्या माणसाला पडल्यावर हात वर नेता येईनासा झाला आणि एक्स-रेत काही दिसलं नाही, तरी कंडरा फाटलेली असू शकते. एक्स-रेत ती दिसत नाही, त्यामुळे हे फार वेळा राहून जातं. खांदा लाल, गरम आणि सोबत ताप असेल, किंवा कारणाशिवाय वजन उतरतंय आणि दुखणं विसाव्यातही थांबत नाही, तर ताण नको, डॉक्टर.

खांदा एकदा निखळलेला असेल तर हात डोक्यामागे घेऊन कोपरं मागे नेणं टाळा. सांधा सहसा त्याच स्थितीत पुन्हा निसटतो. पाठ उघडताना हात छातीवर ठेवा. खांद्याची किंवा स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल, पेसमेकर बसवला असेल, तर हात किती उचलायचा आणि कधीपासून, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणेच. पेसमेकरनंतर साधारण चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ देत नाहीत.

काही दुखणी खांद्यात वाटतात पण खांद्याची नसतात. डाव्या खांद्यात, हातात किंवा जबड्यात दुखून छाती आवळली, घाम फुटला, दम लागला, तर ताण देत किंवा तेल चोळत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. तळलेलं-तेलकट खाल्ल्यावर पोटात वर उजवीकडे कळ येऊन उजवा खांदा दुखत असेल तर पित्ताशय तपासा.

२०. आईला अर्धांगवायू झालाय, एक हात लुळा आहे. तिचा खांदा आम्ही हलवला तर चालेल का?

हळुवारपणे, आणि फिजिओथेरपिस्टने एकदा हाताला धरून शिकवल्यावर. लुळ्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, त्यामुळे सांधा नुसत्या हाताच्या वजनाने खाली सरकतो. बसवताना पुढचा हात कायम उशीवर किंवा टेबलावर टेकवलेला ठेवा. उठवताना काखेत हात घालून किंवा तो हात धरून कधीच ओढू नका. घरच्यांकडून सर्वांत जास्त इजा याच एका सवयीने होते. हात उचलताना एक आधार कोपराखाली, दुसरा मनगटाखाली. शिकवल्याशिवाय खांद्याच्या उंचीच्या वर नेऊ नका. त्यांनी स्वतः चांगल्या हातात लुळ्या हाताची बोटं गुंफून टेबलावरून पंचा पुढे सरकवणं हा सुरक्षित मार्ग आहे.

२१. बीपीची गोळी चालू आहे. हात वर केला की चक्कर येते.

श्वास रोखू नका, मोठ्याने आकडे मोजत करा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. हात डोक्यावर जास्त वेळ धरू नका. तीन श्वासांनी खाली आणा आणि टेबलावरून सरकण्यावर भर द्या. मान मागे टाकल्यावर घेरी येत असेल तर पाठ उघडताना नजर समोर ठेवा. एवढं करूनही चक्कर येत राहिली तर गोळीची मात्रा आणि बीपी तपासून घ्या.

२२. माझे सांधे लहानपणापासून सैल आहेत, कोपर उलटं वाकतं. तरी खांदे सतत आखडल्यासारखे वाटतात. आणखी ताणू?

नको. सैल सांध्याला धरून ठेवण्यासाठी स्नायू दिवसभर ताठ राहतात, आणि तोच ताठपणा आखडल्यासारखा वाटतो. ताण दिला की तासभर बरं वाटतं, मग स्नायू पुन्हा आवळतात, कारण सांधा अजून सैलच असतो. तुमच्यासाठी प्रश्न ५ मधला पहिला प्रकार आणि प्रश्न १५ मधली बाटली, एवढंच पहिले दोन महिने. बाटली उचलताना कोपर पूर्ण सरळ करू नका, किंचित वाकलेलं ठेवा.